मोज्याचा पंचनामा

गाडेकर काका कुठल्याही जनावराला भेटले की आधी त्याचा कान बघतात. तोंड नंतर. आमच्या पापडची आणि त्यांची पहिली भेट झाली तेव्हा पापडने पुढचे दोन्ही पाय त्यांच्या पोटावर ठेवून रीतसर स्वागत केलं. काकांनी त्याचा डावा कान उलटा करून आत पाहिलं, मग उजवा पाहिला आणि नाराजीने म्हणाले, "बिल्ला नाही."

"काका, कुत्रा आहे तो."

"ते दिसतंय, जाधव. पण हाच तो कुत्रा कशावरून?"

पापड हे नाव आमच्या मुलीने, ओवीने ठेवलंय. पिल्लू घरी आलं त्याच दिवशी त्याने वाळत घातलेले पापड खाल्ले, म्हणून. तेव्हापासून त्याने पोटाच्या बाबतीत कधी भेदभाव केलेला नाही.

काकांच्या कान बघण्यामागे त्यांची सबंध नोकरी आहे. विमा कंपनीत जनावरांचे दावे तपासण्यात त्यांची हयात गेली. विमा उतरवलेल्या म्हशीच्या कानाला नंबरचा बिल्ला मारतात. म्हैस मेली की मालक दावा लावतो. मग मेलेली म्हैस आणि विम्याची म्हैस एकच आहे का, हे बघायला खेड, मावळ, जुन्नर असं मोटरसायकलवरून काका जायचे. "आमच्या भागात एक म्हैस तीनदा मेली," असं ते अभिमानाने सांगतात. "तिसऱ्यांदा मी गेलो तेव्हा ती रवंथ करत होती."

अशी नोकरी केलेल्या माणसाचा निवृत्तीनंतर कुणावर विश्वास राहणार? संत तुकाराम नगरातल्या आमच्या जुन्या तीन मजली इमारतीत काका आमच्या समोरच्या दारात राहतात, आणि जिन्यातून जाणारी प्रत्येक गोष्ट त्यांच्या नजरेखालून जाते. कुरिअरवाला आला की ते त्याच्याकडे ओळखपत्र मागतात. अंडीवाल्याचं अंडं उजेडात धरतात. कुणी आजारी असल्याचं कळलं तर भेटायला जातात, फळं नेतात, आणि परत येताना हळूच विचारतात, "डॉक्टरचा कागद बघितलाय का कुणी?" त्यांना संशयी म्हटलेलं मात्र अजिबात खपत नाही. "संशय नाही हो. फक्त खात्री करून घेतो," हे त्यांचं पालुपद.

सोसायटीच्या चेअरमनच्या मुलीच्या साखरपुड्यात तर कहर झाला. जनावराचं वय दातांवरून ओळखायची सवय. नवरामुलगा हसला, काका पुढे वाकले, आणि मला म्हणाले, "अठ्ठावीस सांगतायत? चौतिसाच्या खाली नाही." आवाज त्यांना वाटला तेवढा हळू नव्हता. मुलाकडच्यांनी आधार कार्ड काढून दाखवलं. अठ्ठावीसच निघाले. काकांनी कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं, परत दिलं आणि म्हणाले, "मग दात तंबाखूने झिजलेत. ते तर आणखी वाईट." पुढच्या रांगेत त्यांना पुन्हा कुणी बसवलं नाही.

मी चाकणच्या एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. पहाटे बस येते, दुपारनंतर सोडते, आणि मधल्या रस्त्यावर कांद्याचे ट्रक आडवे आले की घरी कधी पोहोचणार हे कुणीच सांगू शकत नाही. माझी बायको मनीषा भोसरीत एका ऑफिसात हिशेब बघते. तर या मनीषाच्या मनात आलं की पापडचा विमा काढायचा. तिच्या मैत्रिणीच्या मांजराला मुतखडा झाला होता आणि मैत्रिणीचा नवरा बिल बघून खुर्चीत बसला होता, तो बराच वेळ उठला नव्हता.

मी म्हणालो, "अगं, माझ्या आईचा विमा नाही अजून."

"आई मोजे खात नाहीत," मनीषा म्हणाली. ती असं का म्हणाली ते देव जाणे, पण बोलणं पुढे खरं झालं.

शेवटी तंटा समोरच्या दारी गेला. काकांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्यांनी शर्ट बदलला, चष्मा पुसला आणि तपासणीला आले. पापडचे चारही बाजूंनी फोटो काढले. दात पाहिले. छातीला कान लावला. पापडला वाटलं खेळ चाललाय, त्याने काकांचा चष्मा चाटून स्वच्छ केला. मग काकांनी मनीषाच्या मोबाइलवर पॉलिसीची बारीक अक्षरं वाचायला घेतली. पूर्ण चहा निवला तरी मान वर नाही.

"गोचिडाचा ताप? नाही. खरूज? नाही. दात? नाही. जन्मापासूनचं दुखणं? नाही. आधी एकदा झालेलं दुखणं? नाही." त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "वहिनी, कुत्र्याला जे होतं ते यात नाही. यात जे आहे ते कुत्र्याला होत नाही."

"ऑपरेशन आहे की, काका."

"आहे. पण विमा म्हणजे काय, समजून घ्या. ही पैज असते. तुम्ही म्हणायचं कुत्रा आजारी पडणार, कंपनी म्हणणार नाही पडणार. तुमचं कुत्रं ठणठणीत राहिलं, तुम्ही हरलात. जिंकायचं असेल तर पापडला आजारी पाडा."

मला हे एकदम पटलं. मनीषाने त्याच संध्याकाळी पॉलिसी काढली.

पावसाळा सरता सरता इमारतीत एक प्रकरण उभं राहिलं. जिन्याच्या कठड्यावर वाळत घातलेला काकांचा एक मोजा नाहीसा झाला. तपकिरी, लोकरी. दुसऱ्या कुणी वाऱ्याने नेला म्हणून सोडून दिला असता. काकांनी उरलेला मोजा पुरावा म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला आणि चौकशी सुरू केली. वॉचमनला बोलावून पाय दाखवायला लावले. केरवालीला विचारलं. ती म्हणाली, "एक मोजा नेऊन मी काय करू, काका? माझे पाय दोन हायेत." काका म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे," आणि तिला सोडून दिलं.

या धामधुमीत पापडने जेवण सोडलं. आधी आम्हाला वाटलं, नखरे. मग उलट्या सुरू झाल्या. मी कामावरून आलो तेव्हा तो मोरीत भिंतीला टेकून बसला होता आणि दारावरची बेल वाजली तरी उठला नाही. दूधवाल्यापासून पाहुण्यापर्यंत सगळ्यांवर झेपावणारा आमचा गडी, नुसते डोळे वर करून बघत होता. ओवी रडायला लागली. मी त्याला उचललं, तर समोरच्या दारातून काका चपला घालूनच बाहेर आले. "रिक्षा थांबवलीय खाली," म्हणाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

सांगवीतल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली आणि म्हणाली, "आतड्यात काहीतरी अडकलंय. कापड असावं. आजच काढायला हवं." मनीषाने सही केली, पापडला आत नेलं, आणि आम्ही बाकावर बसलो. काकांनी तिथल्या सगळ्या कुत्र्यामांजरांकडे पाहिलं, पण एकाचाही कान उलटला नाही. हातात हात घेऊन बसून राहिले. ओवीने विचारलं, "आजोबा, पापड मरेल का?" खात्री केल्याशिवाय अक्षर न बोलणारा तो माणूस पटकन म्हणाला, "नाही. अजिबात नाही."

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आली. "वाचलाय. आतडं शाबूत आहे." आणि तिने स्टीलच्या ताटलीत एक लांबट तपकिरी वस्तू पुढे केली.

काका उठले, चष्मा कपाळावर चढवला, वाकले. सगळा दवाखाना बघत होता.

"अंगठ्याला भोक आहे," ते खोल आवाजात म्हणाले. "माझाच."

दावा लावायची वेळ आली तेव्हा काका पुन्हा मूळ पदावर आले. "मी असतो तर नाकारला असता," म्हणाले.

मनीषा आधीच दमलेली. "काका, मोजा तुमचा होता!"

"म्हणूनच सांगतो, वहिनी. मालकाचा निष्काळजीपणा. कुत्र्याला मोजा मिळेल असा ठेवला. नियमात बसत नाही."

आणि खरोखरच विमा कंपनीतून तशीच विचारणा आली. एक मुलगा फोनवर होता, आवाजावरून नुकताच कॉलेजातून सुटलेला. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. तो म्हणाला, "सर, वस्तू कुत्र्याच्या आवाक्यात ठेवणं हा मालकाचा निष्काळजीपणा धरला जातो, त्यामुळे दावा..."

काका आमच्याकडे चहाला आले होते. त्यांनी कप खाली ठेवला, फोन ओढून घेतला आणि ताठ बसले. जुन्नरच्या गोठ्यात उभे असताना असाच आवाज लागत असणार.

"बाळा, मी साक्षीदार बोलतोय. गाडेकर. मोजा माझा. माझ्या दारापुढं, माझ्या कठड्यावर, मी वाळत घातलेला. मालकाचा काही संबंध नाही. निष्काळजीपणा झाला तो शेजाऱ्याचा. तुमच्या पॉलिसीत 'शेजारी' असा शब्द आहे का? वाच बरं मोठ्यानं."

पलीकडून कागद चाळल्यासारखा काहीतरी आवाज.

"नाहीये, सर."

"बघ. मग? जोडीचा मोजा माझ्याकडे पिशवीत बंद आहे. पाठवू का?"

"नको सर," मुलगा घाईने म्हणाला.

दावा मंजूर झाला. सगळा नाही. औषधं वगळली, दवाखान्यात ठेवल्याचं वगळलं, आणखी कसलंतरी एक कलम काढून थोडं कापलं, पण ऑपरेशनचा मोठा भाग आला. कंपनीच्या बसमध्ये लोक मला आता विचारतात, "राव, कुत्र्याचा विमा परवडतो का?" मी सांगतो, परवडतो, पण सोबत एक गाडेकर लागतो. काकांचं मत बदललं नाही. "तुम्ही पैज जिंकलात, अभिनंदन," ते म्हणाले. "आता पुढच्या वर्षी हप्ता वाढतो का नाही बघा." जिन्यात मात्र त्यांनी स्वखर्चाने उंच तार बांधून घेतली.

पापड घरी आला. गळ्यात प्लॅस्टिकचं मोठं नरसाळं, टाके चाटू नयेत म्हणून. दिवसभर त्याच्याजवळ कुणीतरी हवं होतं, आणि आम्ही दोघंही कामावर, ओवी शाळेत. काका म्हणाले, "किल्ली द्या. दुपारची तपासणी मी करीन." त्यांना वेळ होता. काकू बऱ्याच दिवसांपासून मुलाकडे बेंगळुरूला आहेत, नातवाला सांभाळायला. कुणी विचारलं तर काका सांगतात की घरात कशी शांतता आहे, टीव्हीचा रिमोट कसा आपल्याच हातात आहे. रोज संध्याकाळी मी घरी आलो की ते दारातच अहवाल द्यायचे. पाणी प्याला. शी व्यवस्थित. टाके कोरडे. आणि समोरच्या दारात निघून जायचे.

त्या दिवशी कंपनीत लाइन बंद पडली आणि आम्हाला लवकर सोडलं. चाकणचा रस्ताही कधी नव्हे तो मोकळा होता. मी जिना चढून आलो तर आमचं दार नुसतं लोटलेलं. आत कुणीतरी बोलत होतं. मला वाटलं, काकांनी कुणाला तरी बोलावलंय.

फटीतून पाहिलं. काका जमिनीवर बसले होते, पाय पसरून, पाठ माझ्याकडे. पापडचं डोकं नरसाळ्यासकट त्यांच्या मांडीवर. आणि काका त्याच्याशी बोलत होते. ऑफिसची भाषा नव्हती ती, त्यांच्या खेडकडच्या गावातली होती.

"चार भेंड्या घेतल्या आज. भाजीवाला हसला. म्हनला, काका, चारच? आता एकट्याला किती लागत्यात रं? केली. मीठ जास्त झालं. आता कुनाला सांगू, मीठ जास्त झालं म्हनून? तुला सांगतोय." पापडने सुस्कारा सोडला. "व्हय, व्हय. तू न्हाई खायची भेंडी."

मग त्यांनी नरसाळ्याची कड सरळ केली. मी हलायच्या बेतात होतो, तेवढ्यात ते पुन्हा बोलले.

"नातू फोनवर म्हनतो, आजोबा कवा येनार. गेलो हुतो की महिनाभर. सगळी चांगली वागत्यात रं. जेवाय घालत्यात, फिराय नेत्यात. पन मला कुनी कायबी विचारत न्हाई. एवढी वरसं समदा तालुका मला विचारायचा. तिथं नुसतं, बाबा, बसा. बाबा, आराम करा." त्यांनी पापडच्या कानामागे खाजवलं. "हितं निदान तुमी लोकं हाय."

मी बूट काढून हातात घेतले आणि आवाज न करता खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या टपरीवर एक चहा प्यालो, मग दुसरा. माझी नेहमीची वेळ झाल्यावर वर आलो, बूट जरा जोरात आपटले आणि खिशात किल्ली असून बेल वाजवली.

काकांनी दार उघडलं. चष्मा जागेवर, शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

"पाणी प्याला. टाके कोरडे. थोडा सुस्त वाटला, पण काळजी नसावी," असं म्हणत ते चपला घालायला लागले.

"काका," मी म्हणालो, "जरा विचारायचं होतं. माझ्या स्कूटरच्या विम्याचं. मला काही समजतच नाही त्यातलं."

खरं तर स्कूटरचा विमा मी महिन्यापूर्वीच भरला होता. काका थांबले. माझ्याकडे नीट पाहिलं, डाव्या बाजूने, मग उजव्या बाजूने. मला वाटलं, पकडला गेलो.

मग त्यांनी पायातली चप्पल पुन्हा काढली, आत येऊन आमच्याच खुर्चीत बसले आणि समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवून मला म्हणाले, "बसा. पहिल्यापासून सांगा. आणि काही लपवू नका."