कुणाची खोटी नको

गाडी लावून जाताना लोक काचेवर फार तर फोन नंबर ठेवतात. वैभव बागूल पत्र ठेवायचा. वहीच्या रेघी कागदावर, सुवाच्य अक्षरात, काचेला आतून चिकटवलेलं. मी वाचलेलं पहिलं पत्र असं होतं:

‘सप्रेम नमस्कार. माझी गाडी आपल्याला आडवी येत असल्यास क्षमा असावी. मी सव्वानऊ ते सव्वादहा दुसरा मजला, खोली २०७, दाराजवळचा बाक. त्यानंतर सव्वाबारापर्यंत वर्कशॉप. एक चावी गेटवर गांगुर्डे मामांकडे आहे. हँडब्रेक लावलेला नाही, गाडी न्यूट्रलला आहे. मागच्या डाव्या चाकाखाली वीट आहे, ती काढून ढकलावी. उतार कंपाउंडकडे आहे, तरी सावकाश. आपला नम्र, वैभव बागूल, मेकॅनिकल, द्वितीय वर्ष.’

वाकून पाहिलं तर वीट खरोखरच होती.

मी त्या कॉलेजात ग्रंथपाल. आमचं कॉलेज म्हसरूळच्या बाजूला, एका अरुंद रस्त्याच्या टोकाला. बांधलं तेव्हा पोरं सायकलवर येत असणार, कारण गाड्यांसाठी म्हणून जी जागा ठेवली आहे तिच्यात पंधरा-वीस गाड्या जेमतेम मावतात. त्यात आधी प्राध्यापक, मग ऑफिस, मग आलेगेले पाहुणे. उरलेल्या फटीत विद्यार्थी. एकामागे एक अशा तीन-तीन रांगा लागतात आणि मधल्याला घरी जायचं असेल तर पुढच्याला शोधत सगळं कॉलेज पालथं घालावं लागतं. गांगुर्डे मामा गेटवर शिट्टी घेऊन उभे असतात, पण त्या शिट्टीला गाड्या सोडाच, कबुतरंही दाद देत नाहीत.

या सगळ्यात बागूल रोज सकाळी साडेसहाला, मामा कुलूप काढायच्या आधी, गेटबाहेर हजर असायचा. चांगली जागा पटकवायला नव्हे, सगळ्यात वाईट जागा मिळवायला. जनरेटरच्या मागे जांभळाच्या झाडाखाली एक कोपरा होता. तिथे गाडी लावली की उन्हाळ्यात जांभळं पडणार आणि बाकी वर्षभर पक्षी आपलं काम करणार. तिथे कुणी फिरकत नसे. बागूलला तीच जागा हवी. ‘‘मामा, इथं लावली तर कुणाची खोटी होणार नाही ना?’’ हे तो मामांना रोज विचारायचा. मामा रोज सांगायचे, ‘‘नाही रे बाबा.’’ तरी त्याचं समाधान व्हायचं नाही.

‘कुणाची खोटी नको’, म्हणजे आपल्यापायी कुणाचा खोळंबा नको, हे त्याचं पालुपद. कॅन्टीनच्या रांगेत मागच्याला पुढे जाऊ द्यायचा, जिन्यात भिंतीला चिकटून चढायचा. माझ्याकडे पुस्तक परत करायला आला आणि मी फोनवर असले तर तो दाराबाहेर उभा राहायचा. आत उभं राहिलं तर कुणाची तरी वाट अडेल म्हणून.

माझ्या टेबलामागच्या खिडकीतून ती सगळी जागा दिसते, हे त्याला कळलं आणि माझी शांतता संपली. प्रत्येक तासानंतर तो धापा टाकत यायचा आणि खिडकीशी उभा राहायचा.

‘‘मॅडम, ती लाल गाडी निघेल का तिथून?’’

‘‘निघेल की.’’

‘‘नाही, मागं घेताना माझ्या बंपरला अडकंल ती. त्यांना घाई असली तर?’’

‘‘बागूल, त्यांना घाई नाही. ते स्टाफरूममध्ये डबा खाताहेत.’’

‘‘पण अचानक लागली तर?’’

कोण किती वाजता निघतं याचं एक वेळापत्रक त्याने खिशातल्या डायरीत करून ठेवलं होतं. ते दाखवलं तेव्हा मी चकित झाले. केमिस्ट्रीच्या मॅडम मंगळवारी अकराला जातात, मुलाची शाळा सुटते. प्राचार्यांचा काही नेम नाही, म्हणून त्यांच्या नावापुढे तांबड्या शाईत प्रश्नचिन्ह. या नादात त्याचे निम्मे तास बुडायचे आणि एक विषयही राहिला होता. विषय राहिल्याचं त्याला फारसं काही वाटलेलं दिसलं नाही.

एक चावी मामांकडे, एक स्वतःकडे आणि तिसरी त्याने माझ्या ड्रॉवरमध्ये आणून ठेवली. ‘‘मला गाडी चालवता येत नाही,’’ मी म्हटलं. ‘‘ज्याला येती त्याला द्या मॅडम. नुसती असू द्या.’’

तो एकटाच खोली घेऊन राहायचा. त्या गल्लीत सायकल उभी करायची मारामार, म्हणून संध्याकाळी गाडी जवळच्या एका मंगल कार्यालयाच्या मैदानात ठेवायचा. परिणामी या पोराला वर्षभराच्या लग्नतिथी तोंडपाठ होत्या. ‘‘पुढच्या गुरुवारी दाट तिथ आहे मॅडम,’’ असं तो भटजीच्या नव्हे, फाशीची तारीख सांगावी अशा आवाजात सांगायचा.

एकदा मी त्याला सरळच विचारलं. ‘‘एवढी भीती वाटते तर गाडी आणतोस कशाला? रिक्षा आहे, बस आहे. गाडी गावी ठेव.’’

गाव त्याचं नामपूर. घरची कांद्याची शेती, एक पिकअप, बरं चाललेलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. ‘‘आणावी लागती,’’ एवढंच म्हणाला. मला वाटलं, वडिलांचा हट्ट असेल.

भीतीचं एक असतं, ती शेजारी उभी राहिली तरी लागते. हळूहळू मीही खिडकीतून बघायला लागले. घरी भाजी चिरताना मला उगाच आठवायचं, ती निळी गाडी बाहेर निघाली असेल का. नवरा म्हणाला, तुला काय करायचंय.

डिसेंबरातली गोष्ट. त्या दिवशी आमच्याकडे बाहेरच्या कसल्याशा परीक्षेचं केंद्र होतं. पोरांना सोडायला आलेल्या पालकांच्या गाड्यांनी आवार तर भरलंच, बाहेरचा रस्ताही दोन्ही बाजूंनी भरला. गांगुर्डे मामांना गेटवरून उचलून हॉलवर दप्तरं तपासायला बसवलं होतं. गेट वाऱ्यावर.

अकराच्या सुमारास वाचनालयात सायली नावाची मुलगी बसली होती. पहिल्या वर्षाची, चुणचुणीत पोर. तिला दमा आहे हे मला माहीत होतं, तिचा पंप नेहमी कंपासपेटीत असायचा. ती अचानक खोकायला लागली. पंप तोंडाला लावला, दाबला, परत दाबला. मग माझ्याकडे बघून मान हलवली. पंप संपला होता.

मी धावले. तिला खुर्चीत ताठ बसवलं, खिडकी उघडली. तिचे खांदे वर-खाली होत होते आणि आत काही जात नव्हतं. बोलता येईना. ओठांचा रंग बदलायला लागला. एकाने रुग्णवाहिकेला फोन लावला. मी ओरडले, ‘‘अरे कुणाची तरी गाडी काढा.’’

बागूल नेहमीप्रमाणे धापा टाकत नुकताच खिडकीशी आला होता. तो हलला नाही. मी त्याच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. त्याची गाडी जांभळाखाली नव्हती. कुणीतरी वीट काढून ती पुढे ढकलली होती, मग दुसऱ्याने आणखी पुढे, आणि ढकलता ढकलता ती गेटाच्या बरोबर तोंडावर येऊन थांबली होती. आत येणारी आणि बाहेर जाणारी, दोन्ही वाटा बंद.

बागूल खाली बसला. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात कानांवर दाबून. बाहेर कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, आवारात शांतता होती. तरी तो कान दाबून बसला होता आणि डोळे मिटून मान हलवत होता.

मी ड्रॉवर उघडला. चावी काढली आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले. ‘‘वैभव,’’ मी म्हटलं, ‘‘ती अजून श्वास घेतेय. ऊठ.’’

तो उठला. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. दोघा पोरांनी सायलीला खुर्चीसकट उचलून खाली आणलं. बागूल गाडी बाजूला घ्यायला निघाला, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की त्या सगळ्या आवारातून आत्ता बाहेर पडू शकेल अशी एकच गाडी आहे, आणि ती हीच आहे. मी मागचं दार उघडलं.

मागच्या सीटकडे बघून तो क्षणभर थबकला. मग स्टिअरिंगवर बसला.

दिंडोरी रोडने आम्ही निघालो. सायलीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी तिचे श्वास मोजत होते. दोन श्वासांत जरा जास्त वेळ गेला की माझाही अडकायचा. पुढे भाजीचे टेम्पो, रिक्षा, मधेच वळणारे दुचाकीवाले. बागूलने एकदाही हॉर्न वाजवला नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून, एक हात नमस्कारासारखा कपाळाशी नेत तो लोकांना म्हणत होता, ‘‘दादा, जरा. ताई, जरा बाजूला. पेशंट आहे.’’ लोक बाजूला होत होते. दिंडोरी नाक्याला सिग्नलवर तर एका रिक्षावाल्याने उतरून आमच्यासाठी वाट करून दिली.

दवाखान्यात तिला आत घेतलं, तोंडावर वाफेचा मास्क लावला. मी बाहेर बाकावर बसले. बऱ्याच वेळाने डॉक्टर आले आणि म्हणाले, आता ठीक आहे, वेळेत आणलंत. मी बागूलला सांगायला वळले तर तो नव्हता. आम्हाला उतरवून पाऊण तास झाल्यावर तो आला, घामाघूम. दवाखान्यासमोर गाडी लावली तर रुग्णवाहिकेला आडवी येईल, म्हणून तीन गल्ल्या पलीकडे लावून, तिथे पत्र ठेवून, चालत आला होता.

दारातूनच त्याने विचारलं, ‘‘आहे?’’

‘‘आहे,’’ मी म्हटलं. ‘‘पाणी मागितलं तिने.’’

तो माझ्या शेजारी बसला. मग समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागला.

‘‘गाडी माझी नाही मॅडम. आमच्या शेजारी आप्पा आहेत, त्यांची आहे. त्यांना मूलबाळ नाही. काकू होत्या. मी शाळेतून आलो की आधी त्यांच्या घरी जेवायचो, मग आमच्या घरी. बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या आठवड्यातली गोष्ट. मी पिकअप आणली आणि गल्लीच्या तोंडाशी लावली. पाच मिनिटांत येतो म्हणून मार्केटात मित्राकडं गेलो. चावी खिशात, फोन परीक्षेपासून सायलेंटवर. तिकडं काकूंच्या छातीत दुखायला लागलं. आप्पांनी त्यांना ह्याच गाडीत मागच्या सीटवर झोपवलं आणि गाडी काढली, तर गल्ली बंद. आप्पा हॉर्न वाजवत राहिले. मला मार्केटात ऐकू येत होता मॅडम. मी म्हणालो पण, कोण येड्यासारखं वाजवतंय.’’

मी त्याचा हात धरला.

‘‘शेवटी माणसांनी पिकअप उचलून बाजूला केली. सटाण्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत काकू गेल्या. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी उपयोग नव्हता. असं आप्पांनी मला सांगितलं. पण डॉक्टर तसं खरंच म्हणाले, का आप्पाच म्हणाले, हे मला अजून माहीत नाही. मी विचारलं नाही. गावात कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. आईसुद्धा. मला इथं ॲडमिशन मिळाली तेव्हा आप्पा चावी घेऊन घरी आले. म्हणाले, माझ्यानं आता तिच्यात बसवत नाही, तू चालव, अंगणात उभी राहून सडंल. मी नाही कसं म्हणणार?’’

मी जे काही बोलले असते ते त्याने याआधी शंभरदा स्वतःला सांगून पाहिलं असणार.

‘‘आप्पा फोन करतात?’’ मी विचारलं.

‘‘दर रविवारी. मी हो-नाही करतो आणि ठेवतो. मी होऊन कधी केला नाही.’’

‘‘आज कर.’’

तो फोनकडे बघत बसला. मग उठून व्हरांड्याच्या टोकाला गेला. तिथून मला त्याची पाठ दिसत होती आणि आवाज अर्धामुर्धा ऐकू येत होता. आधी म्हणाला, ‘‘आप्पा, मी बरा शे. गाडी बी बरी शे.’’ मग आपल्या बोलीत बरंच काही. सायलीचं नाव ऐकू आलं. मग तो फोन कानाला लावून नुसता ऐकत राहिला. मधे एकदा त्याने बाहीने तोंड पुसलं.

परत आला तेव्हा चेहरा बावरलेलाच होता, पण वेगळ्या तऱ्हेने.

‘‘आप्पा रविवारी येताहेत मॅडम. एसटीनं. म्हणाले, गाडी घेऊन स्टँडवर ये, मला तिथल्या गंगेवर, घाटावर घेऊन चल. काकू गेल्यापासून ते तिच्यात बसलेले नाहीत.’’

‘‘चांगलं आहे की.’’

‘‘स्टँडजवळ गाडी कुठं लावायची, तिथं तर...’’ तो सुरू झाला, आणि मधेच थांबला. मला कळलं की त्याला काळजी पार्किंगची नव्हती.

‘‘मॅडम,’’ शेवटी अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, ‘‘त्यांना पुढं बसवू का मागं?’’

‘‘पुढे,’’ मी म्हटलं. ‘‘तुझ्या शेजारी.’’