पेशकारसाहेबांचा हात

दिगंबरराव पेशकार न्हाव्यापुढे बसले तरी हात वर केल्याशिवाय बोलत नसत. मानेवर वस्तरा, तोंडाला साबण, आणि अंगावरच्या पंचाखालून एक हात हळूच वर यायचा. आमच्या गल्लीतला न्हावी नवा होता तेव्हा दोनदा दचकला, आणि दोन्ही वेळच्या खुणा पेशकारांच्या कानामागे राहिल्या. मग तोही शिकला. हात दिसला की वस्तरा बाजूला घ्यायचा आणि म्हणायचा, "बोला साहेब." तेव्हा कुठे पेशकार म्हणत, "इजाजत आसंल तर सांगतो, वस्तरा बोथट हाय."

हॉटेलात चहा मागताना हात, भाजीवालीला भाव विचारताना हात. एकदा भुंकणाऱ्या कुत्र्यापुढे ते हात वर करून उभे होते. कुत्रं गप्प झालं, इजाजत मात्र त्यानं दिली नाही. लोक हसायचे. मीही पुष्कळ हसलो आहे. आज लिहायला बसतानाही हसतच सुरुवात करायची असं ठरवलं होतं, ती केली. पुढचं माझ्या हातात नाही.

मी परभणीला मास्तर म्हणून लागलो तेव्हा निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. स्टेशनमागच्या गल्लीत गोदाक्कांची खानावळ होती. पहिल्याच दिवशी पाटावर बसलो आणि म्हणालो, "आक्का, भाकरी वाढा." समोरच्या पाटावर काळ्या टोपीतले एक किडकिडीत गृहस्थ होते, हेच कचेरीतले पेशकार. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलो होतो.

"मास्तर, सभा चालू हाय. आदी सदरची इजाजत घ्या."

ही खानावळ नसून पार्लमेंट आहे आणि सदर म्हणजे त्याचा अध्यक्ष, हे मला असं कळलं. तेही साधंसुधं नव्हे. पेशकार सांगायचे, "हितं चार मुलखांची मानसं बसायलेत. दिल्लीत तरी दुसरं काय हाय? ही आंतरराष्ट्रीय पार्लमेंट हाय."

मुलूख चार, सभासद सहा. नरसय्या तेलंगणातले, मोजणी खात्यात. शरणप्पा रायचूरकडचा, पोस्टात. करीमसाब उर्दूवाले. राज्य बदललं तशी त्यांची कचेरीतली मुन्शीगिरी गेली होती आणि आता ते कचेरीबाहेरच्या लिंबाखाली लोकांचे अर्ज लिहून देत. जेवायला ते घरी आणि बोलायला आमच्यात. येताना स्वतःचा कप घेऊन येत, आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. मराठीच्या वतीनं पेशकार आणि मी. सहावं मत गोदाक्कांचं. "रांधनारीला मत न्हाई तर खानाराला कशापायी?" असा पेशकारांचा सवाल होता, आणि त्याला उत्तर द्यायची कोणाची छाती नव्हती, कारण आक्का भाकरी वाढत असायच्या.

कायदा एका शाळकरी वहीत होता. उजवीकडून उर्दूत, डावीकडून मराठीत, आणि दोन्ही मधल्या पानावर येऊन भेटायचे. कलम पहिलं, इजाजतीशिवाय बोलू नये. कलम दुसरं, सदर मराठी नसावा. मी नवा, रक्त गरम; विचारलं, का म्हणून? पेशकारांनी हात वर केला, इजाजत घेतली आणि म्हणाले, "घर कुनाचं? आपलं. घरच्यानं मानाच्या पाटावर बसू न्हाई, पाव्हन्याला बसवावं."

कलम तिसरं, सदर सगळ्यांच्या राजीखुशीनं. एक माणूस जरी नाही म्हणाला तरी नामंजूर. बहुमत म्हटलेलं पेशकारांना खपायचं नाही. "आदी थोड्यांनी लय लोकांना दाबलं. मंग लय लोकांनी थोड्यांना दाबलं. दोनी मी ह्या डोळ्यानं बघितलं, मास्तर. आता बास." हे म्हणताना ते करीमसाबांकडे बघत नसत, आणि करीमसाब आपल्या कपात बघत. कलम चौथं, नवा सदर होईपर्यंत जुन्यानं खुर्ची सोडू नये.

खुर्ची खरोखरच होती, एका हाताची. सदर तिच्यावर बसून जेवायचे, ताट पुढच्या स्टुलावर. आम्ही पाटावर आरामात आणि नरसय्या भाकरी चुरायला दर घासाला ओणवे. मान मिळाला की पाठ दुखते, हे मी तिथं शिकलो.

नरसय्या पहिल्यापासूनचे सदर. अठरा वर्षं परभणीत काढलेली. जिल्ह्यातली निम्मी शिवारं साखळीनं मोजलेली. गावात तेलुगू बोलायला माणूस नाही म्हणून गल्लीतल्या कुत्र्याशी तेलुगूत बोलायचे. वरंगळकडे त्यांचं म्हणायला बहिणीचं एक घर होतं. तिकडून जाऊन आले की उदास असायचे. "मेरी तेलुगू सुनके भांजे हसते. बोलते, मामा मराठी बोल रहा." सदर म्हणून त्यांचं काम एकच. पेशकारांचा हात वर गेला की मान तिकडे वळवायची आणि म्हणायचं, "चेप्पंडी." म्हणजे बोला. तो शब्द इतक्या अदबीनं यायचा की पेशकारांची टोपी आपोआप सरळ व्हायची. मग ते बोलत. बहुतेक वेळा बोलण्यासारखं काही नसायचंच. आमटी पातळ आहे, आज ऊन फार आहे, असलंच काहीतरी.

भात की भाकरी यावर हे पार्लमेंट तीन आठवडे भांडलं आणि गुरुवारी भात असा ठराव झाला. पेशकारांना भात आवडत नसे. दर गुरुवारी ते आपला वाटा नरसय्यांच्या ताटात सरकवत आणि वहीत 'मुलखांमधी देवानघेवान' असं लिहून ठेवत.

मग राज्याचीच वाटणी झाली. हैदराबाद तीन ठिकाणी फाटलं. आम्ही मुंबईला जोडले गेलो, आणि कचेऱ्यांमधून ज्याची जी बोली त्यानं त्या मुलखात जावं असे हुकूम निघाले. शरणप्पा वाचला, कारण पोस्ट दिल्लीचं. त्याला कुठल्याच राज्यानं मागितलं नाही. नरसय्यांचा हुकूम आला. ज्यांच्या तेलुगूला भाचे हसत होते त्यांना सरकारनं तेलुगू म्हणून परत बोलावलं होतं.

नवा सदर निवडणं भाग होतं. मतदानाची रीत अशी की गोदाक्का प्रत्येकाच्या हातावर एक ज्वारीचा आणि एक उडदाचा दाणा ठेवायच्या. पंचानं झाकलेल्या गाडग्यात त्यातला एक टाकायचा, ज्वारी म्हणजे राजी, उडीद म्हणजे नाराजी. दुसरा दाणा मोजणीनंतरही मुठीतच मिटून धरायचा. मूठ उघडणं हा मोठा गुन्हा.

पहिल्यांदा शरणप्पाचं नाव आलं. गाडगं उपडं केलं. पाच ज्वारी, एक उडीद.

"नामंजूर," पेशकार म्हणाले.

नरसय्यांनी घरची अडचण सांगून साहेबाकडून आठ दिवसांची मुदत आणली. सहा माणसांत एक उडीद, म्हणजे प्रत्येकाला पाच संशयित. शरणप्पा माझ्याशी बोलेना. मी शरणप्पाशी बोलेना, कारण त्यानं स्वतःलाच पाडलं असेल, असला भेकडपणा त्याच्यात होता. आठ दिवसांनी करीमसाबांचं नाव आलं. पुन्हा पाच ज्वारी, एक उडीद.

करीमसाबांनी कप उचलला, धुतला आणि पुसून खिशात घातला. "अच्छा है," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. नरसय्यांनी आणखी आठ दिवस मागून आणले होते, पण ती मुदत आता कोणालाच नको होती. त्या एका उडदानं आम्हां सगळ्यांच्या तोंडाला काळं फासलं होतं. जे बाहेर झालं ते इथं होणार नाही, एवढ्यासाठी तर ही वही होती. मला त्या वहीची, खुर्चीची, सगळ्या पोरखेळाची शिसारी आली.

चौथ्या दिवशी दुपारी पेशकार शाळेत आले. वर्गाच्या दारात हात वर. "मास्तर, इजाजत आसंल तर माज्याबरुबर चला. एकल्याचे पाय उचलंनात."

करीमसाबांच्या दाराला गोणपाटाचा पडदा होता. पेशकार त्याच्यासमोर हात वर करून उभे राहिले. हाक नाही, कडी नाही. आतून कोणा बाईचा आवाज आला, "बाहर कोई हात उठाको खडा है." करीमसाब बाहेर आले.

"बोलो पेशकारसाब. यां इजाजत कायकू होना?"

"उडीद माजा व्हता," पेशकार म्हणाले. "दोनी बारीला माजाच. तुमच्यावर न्हवता, करीमसाब. शरणप्पावरबी न्हवता. नरसय्यासाबाच्या जान्यावर व्हता."

कलम चौथं मला तेव्हा आठवलं. नवा सदर नाही, तर जुना जाणार नाही. सरकारचा हुकूम हा माणूस उडदाच्या दाण्यानं अडवायला निघाला होता.

"सव्वीस वरसं कचेरीत साहेबाच्या बाजूला हुबा हाय," पेशकार सांगू लागले. हात अजून खाली आला नव्हता. "कागद म्होरं ठिवायचा, उचलायचा. बोलायचं आसलं तर हात वर करायचा. साहेब बघायचाच न्हाई. सकाळपून दुपारपस्तोर हात वर धरून हुबा राहिलोय मी. राज्य बदललं, साहेब बदलले, हात तसाच. घरीबी कोनी न्हाई इचारनारं. ह्या मानसानं पैल्या दिशी माज्या हाताकडं बघितलं आन् चेप्पंडी म्हनला. मला आर्थबी म्हाईत न्हवता. पन कोनतरी बोल म्हनायलंय, येवडं कळलं."

करीमसाबांनी त्यांचा हात धरून खाली आणला. म्हणाले, "मैं समझा, मेरेकू नक्को बोले सब. समझा, अब बोलने की ये जगा भी गई." त्या संध्याकाळी ते कप घेऊन आले.

मग मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. नाव पुन्हा करीमसाबांचं. सगळ्यांनी दाणे टाकले. पेशकारांनी गाडगं उपडं केलं आणि बोटानं एकेक दाणा सरकवला. पाच ज्वारी. एक उडीद.

करीमसाबांचे डोळे पेशकारांकडे गेले. माझेही गेले, आणि मी मनात त्यांना वाट्टेल ते बोललो. मग या माणसानं आपला कायदा आपल्या हातानं मोडला. मूठ उघडली. तळव्यावर उडीद होता. म्हणजे गाडग्यात त्यांची ज्वारी होती.

मी मूठ उघडली, उडीद. करीमसाबांची, शरणप्पाची, गोदाक्कांची, सगळ्यांत उडीद. खुर्चीवर नरसय्या मान खाली घालून बसले होते. त्यांची मूठ मात्र उघडली नाही, आणि उघडा असं कोणी म्हणालं नाही.

"नामंजूर," पेशकार कसंबसं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नरसय्यांना गाडीत बसवलं. सरकारला कलम चौथं माहीत नव्हतं. गाडी सुटायला आली तसा पेशकारांनी हात वर केला. नरसय्या खिडकीतून वाकले आणि म्हणाले, "चेप्पंडी." पेशकारांचे ओठ हलले. आयुष्यभर इजाजत मागितलेल्या माणसाला ऐन वेळी एक शब्द सापडेना. गाडी हलली, तरी हात वरच. फलाटावरच्या लोकांना वाटलं, म्हातारा निरोप देतोय.

त्यानंतर पेशकार न्हाव्याकडे मुकाट बसत. बोथट वस्तराही सोसत. खानावळीत खुर्ची रिकामी असायची. ते जेवायला बसले की एकदा तिच्याकडे बघून हात वर करत, थोडा वेळ थांबत, मग खाली घेऊन जेवायला लागत. दोन महिने त्यांचा आवाज आम्ही ऐकला नाही. गुरुवारचा भात ते आता स्वतःच खात, एकेक शीत करून.

एके दिवशी असाच हात वर गेला. करीमसाब बाजूच्या बाकावर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि पेशकारांकडे वळून, आपल्या उर्दू जिभेला जमेल तसं, हळूच म्हणाले, "चेप्पंडी."

पेशकारांनी टोपी सरळ केली.

"आमटीत मीठ न्हाई."

एवढं बोलले आणि पंचात तोंड घालून ढसाढसा रडले. मी आमटी चाखून पाहिली. मीठ बरोबर होतं. गोदाक्कांनाही ते ठाऊक होतं, पण त्या उठल्या आणि मुकाट्यानं त्यांच्या वाटीत चिमूटभर मीठ घालून गेल्या. डोळे पुसून पेशकारांनी ती खारट आमटी शेवटच्या भुरक्यापर्यंत संपवली.