शशिकांतरावांची सेकंड स्टेज

बदलापूरच्या मधुमालती सोसायटीच्या फाटकात भर दुपारी एक लालभडक गाडी अडकून पडली होती आणि आत सोसायटीचे सेक्रेटरी शशिकांत करंदीकर घाम पुसत बसले होते. गाडीचं तोंड आत शिरलं होतं, पण पोट शिरेना. खाली स्पीड ब्रेकर होता. तो बांधला होता खुद्द करंदीकरांनी.

बांधला म्हणजे काय, भांडून बांधला. दोन वर्षांपूर्वी पोरं बाइक सुसाट आत आणतात म्हणून त्यांनी सहा इंची ब्रेकर मंजूर करून घेतला. तळमजल्यावरच्या हिरामण म्हात्रेंनी तेव्हा खूप आरडाओरडा केला. ही सोसायटी त्यांच्याच भातशेतावर उभी राहिलेली, आणि त्यांच्या मुलाचा, कैलासचा, टेम्पो दिवसातून चार वेळा त्यावर आदळायचा. पण करंदीकरांनी नोटीस बोर्डावर स्वतःच्या सहीनिशी लावलं : 'कोणाच्याही कसल्याही गाडीसाठी हा ब्रेकर एक इंचही कमी केला जाणार नाही.' तो कागद अजून तिथे होता. गाडीच्या काचेतून तो त्यांना स्पष्ट दिसतही होता.

खरं तर घ्यायची होती बायकोच्या, म्हणजे मीनलवहिनींच्या, गुडघ्यांना सोसेल अशी उंच बैठकीची, जुनी, शहाणी गाडी. त्यासाठीच ते उल्हासनगरला, वापरलेल्या गाड्या विकणाऱ्या मुरलीशेठकडे गेले होते. पण कोपऱ्यात ही लाल उभी. मुरलीशेठने चावी फिरवली, ती गुरगुरली आणि अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या मालात खोट काढणाऱ्या क्वालिटी ऑफिसरची मती गुंग झाली.

"सांई, टर्बो है," मुरलीशेठ म्हणाला. "इंजिनात हवा कोंबतो, मग ताकद बघा! पुण्याच्या पोरानं हौसेनं बनवलीय. सॉफ्टवेअर बदला, सायलेन्सर बदला, खाली बसवली. जाणकार लोग इसको स्टेज टू बोलते हैं."

खाली बसवली म्हणजे किती खाली, हे करंदीकरांनी विचारलंच नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, मोजपट्टीही नसते.

तर त्या दुपारी खर्रर्र आवाज करत त्यांनी गाडी मागे घेतली आणि कोणी बघायच्या आत थेट कारखान्याच्या आवारात नेऊन ताडपत्रीखाली झाकली. आता करायचं काय? ब्रेकर फोडा म्हणावं, तर हिरामण तो नोटीस बोर्डावरचा कागद सगळ्या बिल्डिंगला वाचून दाखवणार. न म्हणावं, तर गाडी जन्मभर ताडपत्रीखाली. आणि मीनलला सांगायचं काय?

चार दिवस ते येता-जाता त्या ब्रेकरकडे बघत उभे राहू लागले. जेवण जाईना. चौथ्या संध्याकाळी फाटकाशी उभं राहून त्यांनी ऑफिसातल्या गंधारला फोन लावला. गंधारला गाड्यांतलं कळायचं.

"अरे, स्टेज टू आहे रे... हो, आधी नीट तपासायला हवं होतं... नाही, मीनलला अजून काहीच सांगितलं नाही. धीरच होत नाही. खालून सारखी घरघर येते. एक धक्का बसला ना, तर सगळं फाटून हातात येईल. जपून राहिलं तर पाच वर्षं सहज निघतील म्हणाला तो. बघू."

मागे ओट्यावर हिरामणच्या पत्नी बनूबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून जगच बदललं. पार्किंगवरून रोज कचाकचा भांडणारी तेजस्वी "काका, सावकाश हं," म्हणाली. दुसऱ्या मजल्यावरची श्रद्धा गव्हांकुराचा रस घेऊन आली आणि त्यांनी तो संपवेपर्यंत डोळ्यांत पाणी आणून उभी राहिली. मग स्वतः हिरामण आले. दोन वर्षांत हा माणूस करंदीकरांशी धड बोलला नव्हता.

"सेक्रेटरी, आमाला समदा कललाय," हिरामण हळूच म्हणाले. "बनूनं आयकला तुमचा फोन."

करंदीकरांचा चेहरा पडला. "म्हणजे... सगळ्यांना कळलं?"

"कललाच की. सेकंड ष्टेज ना? त्यात लपवाचा काय? कोनावर बी येल अशी येल. या ब्रेकरवर तुमाला धक्का बसाला नको. कैलास उद्या मशीन आनतो आन् फोरून टाकतो."

"हिरामणशेठ! पण मीच नोटीस लावलेली..."

"लावली तं लावली. मानसापक्षी ब्रेकर मोठा हाय काय?"

करंदीकरांना अगदी भरून आलं. केवढा हा मनाचा मोठेपणा! एका गाडीसाठी सगळी सोसायटी एक झाली! "फक्त मीनलला बोलू नका," ते म्हणाले. "मी स्वतः आणून दाखवतो... म्हणजे सांगतो."

हिरामणनी उपरण्यानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कैलासनं सिमेंट फोडायचं मशीन आणलं. त्या मशीनलाही ब्रेकरच म्हणतात. ब्रेकरनं ब्रेकर फोडला. अकराच्या सुमाराला फाटक गुळगुळीत झालं आणि करंदीकर रिक्षा करून अंबरनाथला पळाले. लोकांना वाटलं, तपासणीला गेले.

इकडे बनूबाईंच्या पोटात गोष्ट किती वेळ राहणार? बँकेतून हाफ डे करून मीनलवहिनी आल्या, तशी बनूबाईंनी त्यांना मिठी मारली. "वैनी, धीर धरा. पाच वर्सं हायेत हातात."

बारा वाजता लाल गाडी गुरगुरत, ढेकर दिल्यासारखे आवाज काढत फाटकातून अलगद आत आली. कुठे खर्र नाही, काही नाही. करंदीकर राजासारखे उतरले, तर समोर मीनल. रडून डोळे लाल.

"अहो, किती दिवस लपवलंत माझ्यापासून?"

"पाच दिवस," ते ओशाळून म्हणाले.

"सेकंड स्टेज?"

"हो. पण घाबरू नकोस. पैसे टाकले तर थर्ड स्टेजसुद्धा करता येते म्हणाला."

मीनलवहिनी मटकन ओट्यावर बसल्या. "करता येते? कोणाला? तुम्हाला?"

"मला कशाला? गाडीला!"

मग गाडीपासून फोनपर्यंत एकेक गोष्ट उलगडत गेली आणि करंदीकरांचा आवाज बारीक बारीक होत गेला.

"म्हंजी तुमाला कायच नाय झाला?" बनूबाईंनी विचारलं.

"नाही हो. मी ठणठणीत आहे."

"रस परत द्या," श्रद्धा म्हणाली.

मीनलवहिनी मात्र उठल्या. जवळ येऊन त्यांनी नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला, सगळं जागेवर आहे याची खात्री केली आणि मग तोच हात उचलून दंडावर असा सणसणीत मारला की कैलासनं मशीन खाली ठेवलं. करंदीकरांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. बायको इतकी घाबरेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. डोक्यात फक्त गाडी होती.

हिरामण नोटीस बोर्डाकडे गेले आणि त्यांनी तो कागद मोठ्यानं वाचला. " 'एक इंचही कमी केला जाणार नाही.' सेक्रेटरी, वाढवाचा नाय असा कुठं लिवलाय काय?"

"नाही," करंदीकर पुटपुटले.

"कैलास, सिमेंट हाय ना रं? टेम्पो आदलला तं आदलला."

संध्याकाळपर्यंत नवा ब्रेकर उभा राहिला. आठ इंची. गाडी आतच.

आता गंधार म्हणतो, टर्बोची गाडी बंद ठेवू नये, रोज चालवावी. म्हणून रोज संध्याकाळी करंदीकर ती पहिल्या गिअरमध्ये बिल्डिंगभोवती सात फेऱ्या फिरवतात. मीनलवहिनी शेजारून चालतात आणि पुढे जातात. त्या गाडीत बसत नाहीत. खाली बसलं तर गुडघ्यांमुळे उठता येत नाही. बनूबाई एकदा हौसेनं बसल्या होत्या, तर त्यांना बाहेर काढायला दोघी लागल्या.

परवा दूधवाल्यानं फाटकाशी हिरामणना विचारलं, "सेक्रेटरीसाहेबांची तब्येत बिघडली होती म्हणे. आता कसं आहे?"

"साहेब बरं हायेत," हिरामण वळणावर गुरगुरणाऱ्या लाल गाडीकडे बघत म्हणाले. "ही बाय तेवरी सेकंड ष्टेजला हाय. आता बायेर काराची नाय. घरीच ठेवाची आन् सेवा कराची."