विनादलाल, विनाबूच

“भावजी, तुमच्याच्याने बोट काय, जुनी सायकलसुद्धा खपायची नाही,” असं साडू भरल्या ताटावर म्हणाला आणि चष्मेवाल्यांच्या डोक्यात तिडीक गेली. जुन्या बोटी विकून देणं हा साडूचा धंदाच. पण आता त्याने दलाली माफ केली असती, तरी चष्मेवाल्यांनी त्याला बोटीला बोट लावू दिलं नसतं. त्यांनी आपल्या जुन्या मोटरबोटीची स्वतःच जाहिरात दिली आणि रविवारी सकाळी एक जाडजूड दुकानदार बायकोला घेऊन तलावाच्या धक्क्यावर हजर झाला.

“पाण्यात फिरवून बघितल्याशिवाय मी बोट घेत नसतो,” तो म्हणाला.

“अहो, फिरवू की!”

चष्मेवाल्यांची बायको धक्क्यावर थांबली. हे तिघं निघाले. पार मध्यावर पोचल्यावर चष्मेवाल्यांच्या पायाला गार लागलं.

बोट जमिनीवर असताना आतलं पाणी निघून जावं म्हणून मागे तळाशी एक भोक असतं. पाण्यात ढकलण्याआधी त्याला बूच लावायचं असतं. साडूला मान खाली घालायला लावण्याच्या घाईत तेवढंच राहून गेलं होतं. चष्मेवाल्यांनी हळूच चप्पल काढली आणि टाच भोकात रोवली.

“जरा उठता का? मी चालवून बघतो,” दुकानदार म्हणाला.

“उसण भरलीय हो. उठता येत नाही.”

“मघाशी तर उडी मारून चढलात!”

“त्या उडीनेच भरली.”

दुकानदाराने डोळे बारीक केले. तेवढ्यात त्याच्या बायकोने धक्क्याकडे बोट दाखवलं. “वहिनी हातात काहीतरी घेऊन नाचताहेत बघा.”

“निरोप देतेय,” चष्मेवाल्यांनी घाम पुसला.

“एवढ्याशा फेरीला? किती जीव आहे हो तुमच्यावर!”

“फार.” टाचेतून कळ थेट गुडघ्यात गेली. पाय लाकूड झाला होता. पण दुकानदार मान डोलावत होता, बाकांवरून हात फिरवत होता. आणखी थोडं सोसलं की सौदा झालाच!

“हिच्यापेक्षा गेल्या रविवारची बोट बरी होती,” दुकानदाराची बायको म्हणाली. “मऊ गाद्या होत्या. आणि त्याच्या आधीच्यांनी तर चहासुद्धा पाजला.”

“म्हणजे?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

दुकानदार जोरजोरात खाकरला, पण बायको भोळेपणाने सांगतच राहिली. “घ्यायचीय कुणाला! भाडं देऊन कोण फिरेल, असं हे म्हणतात. म्हणून दर रविवारी एका जाहिरातीला फोन करतात.”

चष्मेवाल्यांनी शांतपणे टाच उचलली.

“अहो, पाणी! पाणी आलं!” दुकानदार किंचाळला.

“फुकटचंच आहे,” चष्मेवाले म्हणाले.

पण पाणी त्यांच्या अंदाजापेक्षा भलतंच जोरात आलं. त्यांनी घाबरून पाय परत रोवायला घेतला, तर बधिर झालेल्या टाचेला भोक काही सापडेना. आता त्यांचीही पाचावर धारण बसली. त्यांनी इंजिनाची मूठ पिळली, बोट धक्क्याकडे वळवली आणि रिकामा डबा दुकानदाराच्या अंगावर फेकला. “उपसा!”

दुकानदार उपसू लागला. देवाचं नाव घेत, शिव्या घालत, पोट सावरत तो अक्षरशः पिसाटासारखा उपसत होता. बोट धक्क्याला टेकली तेव्हा पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं होतं.

“घसा फाटला माझा ओरडून!” हातातलं बूच नाचवत चष्मेवाल्यांची बायको कडाडली.

“पोलिसांत जातो मी! सोडणार नाही!” वर चढून दुकानदार गरजला. चष्मेवाले खाली मान घालून उभे होते. सौदा गेला, अब्रूही गेली.

दुकानदाराची बायको मात्र पदर पिळत नवऱ्याकडे एकटक बघत होती.

“लग्न झाल्यापासून यांनी घरी पाण्याचा पेला हाताने घेतलेला नाही,” ती म्हणाली. “आणि आज? काय हात चालत होते हो! भावजी, ही बोट मी घेते.”

“अगं, वेड लागलं का? भोक आहे तिला!”

“म्हणूनच तर घेतेय. उभे काय राहिलात? उरलेलं पाणी कोण काढणार?”

दुकानदाराने एकदा बोटीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं आणि मुकाट्याने डबा उचलला.