चिचुंद्री आणि हात न लावायची वेल

एका जंगलात, बाळांनो, प्रत्येक गुहेतून एक वेल निघायची आणि कुठल्यातरी दुसऱ्या गुहेत शिरायची. इकडून ओढली की तिकडे पान हलायचं. एकदा हललं तर 'पाणी आलं', दोनदा हललं तर 'पाहुणे आले', आणि हलायचं थांबेचना तर 'सिस्टीम बिघडली'.

या वेली सांभाळायला एक खातं होतं. त्यातल्यांना सिस्टीम इंजिनिअर म्हणत. मोठे झालात की तुमचे आईबाबा तुम्हालाही हेच व्हायला सांगणार आहेत, म्हणून नीट ऐका.

खात्यात कुमुद नावाची एक चिचुंद्री नवीन लागली होती. वेलींच्या परीक्षेत पहिला वर्ग. पण पान पडलं तरी दचकायची, आणि दचकली की समोर असेल त्याला चावायची. त्यात तिचा काही दोष नाही. दचकणाऱ्यांनाच विचारा.

तिचं प्रोबेशन संपत आलं होतं. पौर्णिमेला स्वतः सिंहमहाराज तिला प्रश्न विचारणार होते. उत्तर आलं तर पक्की नोकरी. नाही आलं तर घर. आणि घरी आईने शेजारच्या उंदराचं स्थळ काढून ठेवलेलं होतं.

"गव्हाच्या कोठारात असतो," आई सांगायची. "तुझ्या वासाचंही त्याला काही नाही म्हणतो. अजून काय हवं?"

कुमुदला पक्की नोकरी हवी होती.

तिचे साहेब होते साळिंदरसर, खात्यात सगळ्यात जुने. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सगळ्या वेली दाखवल्या होत्या. शेवटची वेल वडाच्या ढोलीतून येत होती. जाडजूड, शेवाळाने मढलेली. तिच्यावर पाटी: 'हात लावू नये'.

"सर, ही कुठे जाते?"

"जाते."

"म्हणजे कुठे?"

"कुमुद, जंगल चालतंय ना?"

"हो सर."

"मग?"

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी कुमुद त्या वेलीशेजारचा पाचोळा काढत होती. वरून वडाचं एक फळ पडलं. टप्!

कुमुद दचकली. कच्चकन चावली. वेल तुटली.

आता काय होणार? नदी उलटी वाहणार? महाराजांची गुहा ढासळणार? कुमुद डोळे मिटून उभी राहिली. लांब कुठेतरी मोर ओरडत होता, कालच्यासारखाच. काहीही झालं नाही.

त्यानेच ती जास्त घाबरली. काही झालं असतं तर निदान दिसलं तरी असतं! तिने गाठ मारली, वर शेवाळ थापलं आणि धावत साळिंदरसरांकडे गेली.

"सर, माझ्याकडून ती तुटली."

सरांचे काटे उभे राहिले. "कोणी पाहिलं?"

"नाही सर."

"मग काय झालं?"

"काहीच नाही, सर."

सर तिला घेऊन वडाशी गेले. इकडेतिकडे बघून त्यांनी शेवाळ बाजूला केलं. खाली गाठीच गाठी. एक, दोन, सात. आठवी कुमुदची.

"ही माझी," सर सातवीवर पंजा ठेवून हळूच म्हणाले. "त्याआधीची अस्वलबाईंची. त्या आता पलीकडच्या जंगलात मोठ्या हुद्द्यावर आहेत. तुझी गाठ सैल झालीये, बघ. अशी ओढ."

"पण सर, ही वेल करते काय?"

"ते माहीत असतं तर सातजणांनी गाठी मारल्या असत्या का? आणि उद्या महाराजांसमोर तोंड सांभाळ. नाहीतर तुझ्याबरोबर मीही घरी बसेन."

पौर्णिमा आली. महाराज शिळेवर बसले होते. मानेला मुंग्या चावल्यामुळे जरा चिडलेले होते.

"कुमुद, एकच प्रश्न. ती वडाजवळची वेल रोज माझ्या आयाळीत अडकते. तोडून टाकावी म्हणतो. ती करते काय?"

'काहीच नाही' म्हणावं तर खातं बुडणार. 'माहीत नाही' म्हणावं तर आपण बुडणार. खोटं बोलायला तर जमतच नव्हतं; खोटं बोलताना कुमुदला उचकी लागायची.

"म... महाराज," ती म्हणाली, "काल माझ्याकडून ती तुटली होती."

सरांनी डोळे मिटले.

"तुटली?" महाराज गरजले. "मग काय झालं?"

गर्जनेने कुमुद अशी दचकली की तिने स्वतःचीच जीभ चावली आणि 'काहीच नाही' हे पुढचे दोन शब्द तोंडातच राहिले. ती नुसती थरथरत राहिली. मिशा थरथरल्या, शेपूट थरथरलं, डोळ्यांत पाणी आलं.

महाराजांनी ते थरथरणं बराच वेळ पाहिलं.

"इतकं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

सरांनी एक डोळा उघडला. "लगेच गाठ मारली, महाराज. आज आपण सगळे इथे आहोत."

"गाठ कोणी मारली?"

"हिनेच."

महाराजांनी आपली शेपटी हळूच जवळ ओढून घेतली. कुमुदची नोकरी तिथल्या तिथे पक्की झाली. वेलीवर आणखी मोठी पाटी लागली. महाराज आता वडाला लांबून वळसा घालून जातात.

परतताना कुमुदला कंठ फुटला. "सर, खरं सांगा. ती वेल काहीतरी करते का हो?"

"करते की," सर म्हणाले. "आत्ताच तिने तुला पक्कं केलं."

तात्पर्य: बाळांनो, नेहमी खरंच बोलावं. फक्त योग्य ठिकाणी दचकून थांबता आलं पाहिजे.