आर्विड टोलेफसनची गुणगुण आणि तिचे मालक

मालकी ही मेलेल्या माणसाने सांगत बसण्याची गोष्ट नाही, हे तत्त्व आता जगाने मान्य केले आहे. मिनेसोटातल्या आमच्या तळ्याकाठच्या गावाला ते जरा उशिरा समजले.

माझे शेजारी आर्विड टोलेफसन देवदाराच्या पट्ट्यांच्या होड्या बनवत आणि त्या कशा बनवायच्या हे इंटरनेटवर दाखवत. एकसष्ट व्हिडिओ, चारशे बारा वर्गणीदार. रंधा मारताना ते एक स्वतःचीच चाल गुणगुणत. फोनमध्ये जागा नसे, म्हणून व्हिडिओ चढवला की मूळ प्रत पुसून टाकत. चार वर्षांपूर्वी ते वारले. अडतिसाव्या व्हिडिओत ते मागे वळून "मार्लिस, कॉफी झाली का?" असे विचारतात. त्यांच्या पत्नी मार्लिसबाई तो रोज सकाळी लावत आणि "झाली," म्हणत.

मार्च महिन्यात एका हक्करक्षक कंपनीने कळवले की ही गुणगुण तिच्या 'गाढ झोपेसाठी संगीत' या संग्रहातून चोरलेली आहे. (संग्रह निघाला तेव्हा आर्विडना जाऊन दोन वर्षे झाली होती. चोरी किती आधीपासून ठरलेली असू शकते, याचा हा उत्तम नमुना.) चॅनलवर एक स्ट्राइक, म्हणजे चोरीचा ठपका, पडला. तीन पडले की चॅनल बंद.

अन्याय झाला असे वाटल्यास हरकत घेण्याची अतिशय सुबक सोय आहे. हरकत थेट कंपनीकडेच जाते, कारण तक्रार खरी आहे की नाही हे तक्रारदाराइतके कोणाला ठाऊक असणार? चार मिनिटांत उत्तर आले: 'तपासले. आमचेच आहे.' पाठोपाठ दुसरा स्ट्राइक आला.

पुढचा अर्ज भरायला मार्लिसबाई माझ्याकडे आल्या.

"ड्वेन, इथे विचारलंय, तुम्ही कोण? निर्माता, वकील की प्रतिनिधी. बायको कुठे लिहू?"

"बायको नाहीये त्यात."

"बेचाळीस वर्षं होते की."

आम्ही प्रतिनिधी लिहिले आणि मृत्यूचा दाखला जोडला. दाखल्याची पोच आली. निर्मात्याने स्वतः लॉग-इन करून मृत्यूला दुजोरा द्यावा, एवढीच माफक अपेक्षा त्यात होती.

मार्लिसबाई शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवत होत्या. पुराव्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी कॅमेऱ्यासमोर बसून ती चाल कधी सुचली, कोणत्या होडीच्या वेळी सुचली ते सांगितले आणि ती गुणगुणून दाखवली. तो व्हिडिओ चढवला. तो पुरावाच तिसरा स्ट्राइक ठरला.

चॅनल बंद झाले. चारशे बारांपैकी दोघांनी चौकशी केली. उरलेल्यांना लगेच दुसरा होडीवाला दाखवण्यात आला, आणि तोही बरा आहे असे त्यांचे मत पडले.

सकाळी मी डोकावलो तर त्या दोन कप ओतून बसल्या होत्या. "मला त्याचा आवाज आठवतोय," त्या म्हणाल्या, "पण कॉफी म्हणताना तो कसा म्हणायचा, ते निसटतंय."

मग जूनमध्ये त्यांनी गावाला गॅरेजमध्ये बोलावले. एकोणीस जण आलो. अर्धवट राहिलेल्या होडीवर हात ठेवून त्यांनी ती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत गुणगुणली. कित्येकांचे डोळे भरून आले. अकरा जणांनी ते फोनमध्ये टिपले.

संध्याकाळपर्यंत सात व्हिडिओ चढले होते; कंपनीचे लक्ष अजून तिकडे गेले नव्हते. त्यातला एक माझा. आवाज माझ्याच व्हिडिओत स्वच्छ होता, म्हणून इतर सहांविरुद्ध मी तक्रार केली. अर्ज खरोखर सोपा आहे. 'वरील मजकुराचा मालक मीच' यापुढे एक लहान चौकोन असतो, त्यात खूण करायची. सहाही व्हिडिओ उतरले.

दुसऱ्या दिवशी मार्लिसबाई आल्या. "तुझ्याकडे राहिलाय म्हणे. लावतोस का?"

मी लावला. आधी गादीची जाहिरात होती. ती संपेपर्यंत त्या शांतपणे थांबल्या.

माझ्याविषयी वाईट मत करून घेण्यापूर्वी एवढे सांगा: तुम्ही आजवर असल्या किती चौकोनांत खुणा केल्यात, आणि त्यातल्या एकाही खुणेवरचा मजकूर तुम्हाला आठवतो का?