आत्याच्या पोटातली खुर्ची

ज्या वस्तूला बटणं आहेत ती आपल्याला येतेच, अशी लिफ्टभाऊंची खात्री होती. का नसावी? उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेलं! सगळी बिल्डिंग त्यांना लिफ्टभाऊच म्हणायची. त्यामुळे नवा डिजिटल कॅमेरा घरी आला, तेव्हा सोबतचं माहितीपुस्तक त्यांनी उघडलंसुद्धा नाही.

"अहो, निदान चाळा तरी!" बायको म्हणाली.

"बटणं कशी दाबायची ते मला शिकवतेस? रविवारी आत्या निघायच्या आत तिचा असा फोटो काढतो, की बघतच राहशील!"

रविवार! नुसता शब्द ऐकला तरी घरातल्या तिघांचे चेहरे फुलायचे. लिफ्टभाऊंची आत्या चार दिवसांसाठी म्हणून आली होती आणि दोन वर्षं मुक्काम ठोकून बसली होती. तिने त्यांच्या लेकीची खोली बळकावली, आणि कॉलेजात जाणारी ती पोर फ्रिजशेजारी गादी टाकून झोपू लागली. आता कुठे आत्याच्या मुलीने तिला परगावी कायमचं राहायला बोलावलं होतं. परत मिळणाऱ्या खोलीला कोणता रंग द्यायचा, हेसुद्धा लेकीने ठरवून टाकलं होतं.

फोटोसाठी आत्या खुर्चीत बसली. खिडकीचा उजेड तिच्या चष्म्यावर चमकत होता म्हणून लिफ्टभाऊंनी पडदे ओढले. कॅमेरा स्टँडवर चढवला. वरच्या चकतीवर बरीच चित्रं होती, त्यात एक चंद्रही होता. चंद्र म्हणजे शीतल प्रकाश! आत्याच्या चेहऱ्याला त्याचीच गरज, म्हणून त्यांनी चकती चंद्रावर फिरवली.

"आत्या, हलू नकोस हं!"

"मी कशाला हलते? तूच मेल्या डुलतोयस!"

टक्!

"झालं एकदाचं," म्हणून आत्या उठली आणि गॅसवरचं दूध बघायला गेली. लिफ्टभाऊ चष्मा शोधत होते. तेवढ्यात कॅमेरा पुन्हा टक् करून गेला, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. चष्मा सापडला, त्यांनी फोटो बघितला आणि "आत्या!" म्हणून ते ओरडलेच!

फोटोत आत्या होती. पण तिच्या आरपार खुर्ची दिसत होती! पाठ, दांडे, उशीवरच्या चौकटीसुद्धा!

"बघू, बघू!" आत्याने कॅमेरा ओढला. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "अरे... माझ्या पोटातून उशी दिसतेय रे!"

"प्रकाशाचा दोष असेल, आत्या..."

"प्रकाशाचा कसला दोष? खुर्ची बघ कशी ठणठणीत आहे! मीच निघालेय. अर्धी गेलेसुद्धा!"

आत्या जाऊन पलंगावर पडली ती उठेचना. ही कधी एकदाची जाते, असं लिफ्टभाऊ रोज मनात म्हणत आले होते. पण जा म्हणजे मुलीकडे जा! असं जा कोण म्हणालं होतं? लहानपणी तापात रात्रभर उशाशी बसणारी हीच आत्या, हे त्यांना आठवलं आणि ते घळाघळा रडू लागले. त्यांना बघून बायको रडली. तिघांनी आत्याचे पाय धरले.

"आत्याआजी, आम्हाला सोडून जाऊ नकोस!" लेक हुंदके देत म्हणाली.

"आता सगळं खरं सांगून मोकळी होते," आत्या क्षीण आवाजात भाचेसुनेला म्हणाली. "तुझा चहा मी रोज कुंडीत ओतायचे. ते झाड त्यानेच वाळलं गं."

"असू दे हो, आत्याबाई!" बायको आणखीच रडली.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले. त्यांनी नाडी बघितली, छाती तपासली.

"यांना काहीही झालेलं नाही."

"आधी फोटो बघा, मग बोला!" आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी फोटो बघितला. मग पुन्हा नाडी बघितली.

"कॅमेराच बिघडलाय," ते शेवटी घाम पुसत म्हणाले. "माझा काढा बरं एक."

लिफ्टभाऊ त्यांना बाहेरच्या खोलीत घेऊन गेले. बायको आणि लेकही मागोमाग गेल्या. टक्! झालं असं समजून डॉक्टरांनी दाराकडे मान वळवली. फोटोत त्यांना दोन डोकी आली! डॉक्टरांनी स्वतःचीच नाडी धरली.

पण या वेळी दुसरं टक् लिफ्टभाऊंनी ऐकलं होतं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता!

"अरे, कॅमेऱ्याच्या आत तर लिफ्टसारखं दार आहे!" ते ओरडले. "एक टक् उघडताना, एक टक् बंद होताना! चंद्र म्हणजे रात्र, म्हणून मधल्या वेळात दार सताड उघडं! आत्या अर्धा वेळ बसली आणि उठून दुधाकडे गेली, म्हणून अर्धीच आली!"

कॅमेरा घेऊन ते सगळ्यांसह आत धावले. आत्याने दोन डोक्यांचे डॉक्टर निरखून बघितले.

"तरीच! एक डोकं औषध लिहितं, दुसरं बिल." आणि ती ताडकन उठून बसली. "म्हणजे मी मरत नाहीये?"

"अजिबात नाही!"

घरात आनंदीआनंद झाला. डॉक्टर निघून गेले. बायकोने डोळे पुसले आणि हसत विचारलं, "मग आत्याबाई, रविवारसाठी बॅग भरायला घेऊ ना?"

"कसला रविवार?" आत्याने तिच्या गालावरून हात फिरवला. "किती रडलात गं माझ्यासाठी! एवढा जीव लावलाय तुम्ही, मला कधी कळलंच नाही. तुम्ही बाहेर डॉक्टरांचा फोटो काढत होतात ना, तेव्हाच माझ्या लेकीला फोन करून सांगितलं. म्हटलं, तिकीट रद्द कर. इथून मी आता कुठेही जात नाही!"

लिफ्टभाऊ, बायको आणि लेक एकाच जागी थिजले.

"असेच राहा!" म्हणत आत्याने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

टक्! मग बऱ्याच वेळाने दुसरं टक् झालं. तेवढ्या वेळात तिघांपैकी एकाचीही पापणी हलली नव्हती. त्या कॅमेऱ्यातून निघालेला पहिला स्वच्छ फोटो तो!